हेलेन, सीता आणि उसनवारीचा वाद

ग्रीक-रोमन पुराणकथा आणि आपल्या पुराणकथा यांच्यातील साम्याची चर्चा निघाली, की ती ठरावीक छावण्यांत वाटली जाते. एका छावणीला प्रत्येक साम्यात ग्रीकांनी आपल्याकडून नेलेला माल दिसतो, दुसरीला आपण ग्रीकांकडून आणलेला. या दोघींना कंटाळलेली तिसरी छावणी म्हणते की माणूस इथूनतिथून सारखाच, म्हणून त्याच्या गोष्टीही सारख्याच. मग वाद हवा कशाला? गंमत अशी की तिन्ही छावण्यांचा पुरावा एकच असतो. तो म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता : डावीकडे झ्यूस, उजवीकडे इंद्र, डावीकडे अकिलीसची टाच, उजवीकडे दुर्योधनाची मांडी, डावीकडे ट्रॉयला पळवलेली ग्रीक राणी हेलेन, उजवीकडे पळवलेली सीता. माझे म्हणणे असे आहे की या तक्त्यातून कोणत्याही बाजूचे काहीही सिद्ध होत नाही. दोन कथा सारख्या दिसण्याची कारणे निदान चार असू शकतात. समान पूर्वजांकडून आलेला वारसा असेल, प्रत्यक्ष उसनवारी असेल, सारख्या अडचणीतून स्वतंत्रपणे सुचलेली सारखी युक्ती असेल, किंवा तो सारखेपणा निव्वळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असेल. यांपैकी कोणते कारण लागू पडते, हे एकेका कथेच्या तपशिलात शिरूनच ठरवावे लागते. सगळ्यांचा निकाल एका फटक्यात लागत नाही.

शेवटच्या कारणापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अलेक्झांडरचे सैन्य हिंदुकुश ओलांडून आले, तेव्हा त्या डोंगरांत एक गुहा दिसली आणि तिच्याविषयी काही स्थानिक गोष्ट कानावर आली. तेवढ्यावरून ही देवांकडून अग्नी चोरणाऱ्या प्रोमिथियसला जखडून ठेवलेली गुहा, असे सैनिकांनी ठरवून टाकले. पुढे भारतात गुरांच्या अंगावर सोट्याच्या आकाराचा डाग दिला जातो असे दिसले. सोटा हे ग्रीक वीर हेराक्लीसचे आयुध, म्हणून हेराक्लीस इथवर येऊन गेला होता, हा निष्कर्षही निघाला. ही हकिकत आपल्याला देणारा इतिहासकार एरियन सांगतो की इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनीसचा अशा गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता. अलेक्झांडरचे माहात्म्य वाढवण्यासाठी त्या रचल्या गेल्या, असे त्याचे मत होते. म्हणजे तुलनेचा अतिरेक जितका जुना, तितकीच त्याच्यावरची टीकाही जुनी. तरीही तीनेक शतकांनंतर डिओ क्रिसोस्टोम नावाचा ग्रीक वक्ता सांगतो की भारतीय लोक होमरचे काव्य आपल्या भाषेत उतरवून गातात आणि ट्रॉयचा राजा प्रायम याची दुःखे त्यांना ठाऊक आहेत. भारतात मोठ्या युद्धाचे, विलापांनी भरलेले महाकाव्य गायले जाते असे कोणा प्रवाशाकडून त्याच्यापर्यंत पोहोचले असावे, आणि असे काव्य होमरचेच असणार, असे त्याने धरून चालले असावे. या चुकीला आज आपण हसतो. पण 'इलियड म्हणजे त्यांचे महाभारत' असे आपण बेधडक लिहितो, तेव्हा वेगळे काय करतो?

आता विरोधी बाजूचे जे खरोखर बळकट मुद्दे आहेत, ते मान्य करायला हवेत. पहिला मुद्दा अन्यायाचा आहे. ग्रीकांकडून सगळे जगाला मिळाले, ही धारणा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वत्तेत खोल मुरलेली होती आणि तिचा त्रास आपल्या वाङ्मयाला झाला, यात शंका नाही. 1870 मध्ये बर्लिनचे संस्कृतपंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी असे मांडले की रामकथेचे मूळ रूप दशरथजातक या बौद्ध कथेसारखे असावे. त्यात सीतेचे अपहरण नाही, रावण नाही, लंकेचे युद्धही नाही. हा भाग वाल्मीकीने होमरच्या हेलेनवरून आणि ट्रॉयच्या वेढ्यावरून घेतला असावा, असा त्यांचा तर्क होता. मुंबईत त्याला उत्तर दिले ते काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी, 1873 मध्ये. पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेल्या तेलंगांनी तेव्हा वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. वेबरसारख्या विद्वानाचे पुरावे त्यांनी एकेक करून तपासायला घेतले, आणि बायको पळवली गेली व तिच्यासाठी लढाई झाली, एवढ्या साम्यावर अख्ख्या महाकाव्याच्या उसनवारीचा डोलारा उभा राहू शकत नाही, हे दाखवून दिले. दीडशे वर्षांनंतर आज आपण तेलंगांचे वारस म्हणवतो, पण पद्धत मात्र वेबरची चालवतो. फक्त बाणाचे टोक उलटे फिरवतो. वेबरचा तर्क साम्यापलीकडे जात नव्हता म्हणून तो लंगडा असेल, तर होमरने वाल्मीकीकडून घेतले हा तर्क तेवढ्याच साम्यावर धडधाकट कसा होईल?

साम्य शोधण्याची घाई कोणत्या थराला जाते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस विल्फर्ड या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याला पुराणांत इजिप्त, नोहा आणि पश्चिमेकडच्या साऱ्या कथा सापडायला हव्या होत्या. त्याने ग्रीक आणि बायबलच्या गोष्टी आपल्या पंडिताला सांगितल्या, तशा कथा पोथ्यांत शोधायला लावले आणि त्या खरोखरच सापडू लागल्या. नोहा आणि त्याचे तीन मुलगे थेट पद्मपुराणातून निघाले, आणि विल्यम जोन्ससारख्या साक्षेपी माणसानेही तो उतारा छापला. पुढे विल्फर्डने पोथ्या बारकाईने पाहिल्या, तेव्हा मजकुरात नावे बदललेली आणि नवे श्लोक घुसडलेले आढळले. 1805 मध्ये त्याला हे जाहीरपणे कबूल करावे लागले. त्या पंडिताला दोष द्यायला मन धजत नाही. गिऱ्हाइकाला काय हवे आहे ते त्याने ओळखले होते. आज संगणकावर फिरणाऱ्या तक्त्यांत कोणी श्लोक घुसडत नाही एवढेच. गैरसोयीचा तपशील गाळला तरी काम भागते.

दुसरा बळकट मुद्दा असा की उसनवारी होते, आणि ती सिद्धही करता येते. याचा सर्वांत चांगला दाखला खुद्द ग्रीकांवरच उलटतो. हेसिअड या ग्रीक कवीने इ. स. पू. 700 च्या सुमारास देवांची वंशावळ सांगितली. तीत युरेनस हा आकाशदेव. त्याचा मुलगा क्रोनोस कोयत्याने त्याचे लिंग छाटून राज्य घेतो, आणि पुढे क्रोनोसचा मुलगा झ्यूस त्याला पदच्युत करतो. ही कथा अस्सल ग्रीक म्हणून शतकानुशतके मिरवली. मग तुर्कस्तानात हत्तुसा या हित्ती राजधानीच्या उत्खननात मातीच्या पाट्या निघाल्या. त्या हेसिअडपेक्षा निदान पाचशे वर्षांनी जुन्या होत्या. त्यांतही आकाशदेव अनु, त्याचे लिंग दातांनी तोडणारा कुमार्बी आणि कुमार्बीला हटवणारा वादळाचा देव अशी तीन पिढ्यांची तीच भाऊबंदकी आहे. एवढेच असते तर मी याला पुरावा म्हटले नसते. बापाला हटवणारा मुलगा कुठल्याही राजघराण्यात सापडेल. पण त्या कथाचक्रात आकाश आणि पृथ्वी ज्याने कापून वेगळी केली त्या प्राचीन हत्याराचाही उल्लेख आहे. वादळाचा देव आपला राक्षसी प्रतिस्पर्धी ज्या हाझ्झी पर्वतावरून पाहतो, त्यालाच ग्रीक कासिऑन म्हणत, आणि झ्यूस व टायफॉन राक्षस यांच्या झुंजीत टायफॉनला झ्यूस नेमक्या याच पर्वतापर्यंत पिटाळतो. आणखी एका हित्ती कथेत सर्पराक्षस वादळदेवाचे हृदय आणि डोळे काढून नेतो, आणि ते पुढे युक्तीने परत मिळवावे लागतात. ग्रीक कथेत टायफॉन झ्यूसच्या हातापायांच्या शिरा कापून गुहेत लपवतो, आणि त्या चोरून परत आणाव्या लागतात. ती गुहाही ग्रीसमध्ये नाही, किलिकियात म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानात आहे. जुना लेख हाती आहे, दोन समाजांच्या भेटीचा रस्ता माहीत आहे, आणि कथेच्या गरजेबाहेरचे, विनाकारण जुळणारे तपशील आहेत. या तिन्हींची गाठ पडली म्हणून इथे उसनवारी मानावी लागते.

आपल्याकडेही याच कसोटीला उतरणारी एक उसनवारी आहे, आणि ती आपण रोज उच्चारतो. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि हा वारांचा क्रम आकाशाकडे पाहून सुचणारा नाही. ग्रह विशिष्ट क्रमाने लावून प्रत्येक तासाला एकेक ग्रह अधिपती नेमण्याच्या हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक जगातल्या, हिशेबातूनच तो निघतो. रोमन लोकांचे वारही त्याच क्रमाने मंगळाचा मार्स, बुधाचा मर्क्युरी आणि गुरूचा जुपिटर असे येतात. होरा, केंद्र हे शब्द त्याच वाटेने आले. वराहमिहिराला यात कमीपणा वाटला नाही. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट वसलेले आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असे तो बृहत्संहितेत स्वच्छ नोंदवतो. रोमन तर याबाबतीत आणखी निर्लज्ज, म्हणजे चांगल्या अर्थाने. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ. स. पू. 204 मध्ये, त्यांनी आशिया मायनरमधून सायबिली देवी काळ्या शिळेच्या रूपात समारंभाने आणवली आणि तशी नोंद ठेवली. आपले मूळ ते जिंकणाऱ्या ग्रीकांत नव्हे, हरलेल्या ट्रॉयच्या निर्वासितांत सांगत. रोमन कवी व्हर्जिलने होमरकडून उघडउघड घेतले म्हणून त्याला कोणी चोर म्हणत नाही, आणि मोरोपंतांनी रामायणे रचली ती वाल्मीकीला लुबाडायला नव्हेत. उसनवारी ही नामुष्की मानण्याची खोड बरीच अलीकडची आहे.

मात्र संपर्क होता म्हणून कथाही आली असणार, ही उडी मारता येत नाही. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे व्यापार होता, वस्तू येत होत्या, यवन इथे दानधर्म करत होते. पण पोसायडनची एखादी गोष्ट पंचगंगेच्या काठी रुजल्याची खूण नाही, आणि कार्ल्याच्या यवनांनी बुद्धाच्या चैत्याला खांब दिले ते आपल्या देवांची नावेही न घेता. विदिशेला आलेला हेलिओडोरस हा तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील. त्याने गरुडस्तंभ उभारताना स्वतःला भागवत म्हटले आणि वासुदेवाला देवदेव म्हटले, हेराक्लीस म्हटले नाही. मथुरेच्या शूरसेनांच्या दैवताला हेराक्लीस ठरवणाऱ्या ग्रीक राजदूत मेगॅस्थेनीसपेक्षा या वकिलाला आपण कोणासमोर उभे आहोत हे जास्त कळले होते, असे मला वाटते.

तक्त्यातल्या पहिल्याच ओळीकडे वळतो. झ्यूस म्हणजे इंद्र, हे समीकरण वज्रापुरते ठीक आहे. पण नावाने पाहिले तर झ्यूसचा जोडीदार इंद्र नसून द्यौस् आहे. वेदातला 'द्यौष्पिता', ग्रीकांचा 'झ्यूस पिता' आणि रोमनांचा जुपिटर हे एकाच जुन्या नावाचे तीन उच्चार, आणि भाषाशास्त्राच्या नियमांत चोख बसणारे. ऋग्वेदात मात्र द्यौस् इतका फिकट झाला आहे की त्याच्या एकट्याच्या नावे एकही सूक्त नाही. नाव एकाला मिळाले, कामगिरी दुसऱ्याला. पोसायडन म्हणजे वरुण म्हणावे, तर ऋग्वेदातला वरुण मुख्यतः ऋताचा, म्हणजे विश्वनियमाचा, रखवालदार आहे, समुद्राचे खाते त्याच्याकडे ठळकपणे नंतर आले; आणि पोसायडन जितका समुद्राचा तितकाच भूकंपांचा आणि घोड्यांचा. वारसा आहे हे मी नाकारत नाही. अश्विनीकुमार आणि ग्रीकांचे जुळे डायोस्कुरी ही जोडी पाहा : दोन्हीकडे आकाशदेवाचे पुत्र, दोन्हीकडे घोडे, दोन्हीकडे समुद्रात बुडणाऱ्याला वाचवणारे. हा वारसा फार जुना आहे, पण तो तुकड्यातुकड्यांनी उतरला आहे. अख्ख्या देवाच्या जागी अख्खा देव असा नाही.

टाच आणि मांडी यांचे साम्य तर पुरते उशिराचे आहे. होमरच्या इलियडमध्ये अकिलीस अभेद्य नाही. एकविसाव्या सर्गात त्याच्या हाताला भाल्याची जखम होते आणि रक्त वाहते. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवले आणि तिच्या मुठीतली टाच कोरडी राहिली, ही गोष्ट हाती असलेल्या वाङ्मयात प्रथम स्टेशियस या रोमन कवीपाशी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात येते. इकडे गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून दुर्योधनाचे शरीर वज्राचे केले, ही आपल्याला पाठ असलेली कथा पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. तळपायाशी खरी जुळणारी कथा कृष्णाची आहे : दुर्वासाने दिलेले पायस त्याने सर्वांगाला फासले, तळपाय तेवढे राहिले, आणि जरा व्याधाचा बाण तिथेच लागला. मग हे कोणी कोणाकडून घेतले? जर्मन काव्यातल्या सिगफ्रीडच्या पाठीवर झाडाचे पान चिकटून जागा कोरडी राहते; इराणच्या इस्फंदियारचे डोळे उघडे राहतात. कथेत वीराला अभेद्य केले आणि तरीही तो मरायला हवा असेल, तर एक फट ठेवण्यावाचून कथाकाराला इलाजच नाही. ही अडचण ज्याच्या त्याच्यापुढे आपापली उभी राहते, तिच्यासाठी गलबते धाडावी लागत नाहीत.

आता हेलेन आणि सीता. अपहरणाचे साम्य वरवरचे आहे. त्याखाली एक फार विलक्षण साम्य आहे, आणि तक्तेवाल्यांना ते सहसा ठाऊक नसते. इ. स. पू. सहाव्या शतकात स्टेसिकोरस या कवीने हेलेनची निंदा केली आणि त्याची दृष्टी गेली, अशी आख्यायिका आहे. मग हेलेन ट्रॉयला गेलीच नव्हती असे दुसरे काव्य त्याने रचले, आणि दृष्टी परत आली. (सूर्यशतक रचून कोड घालवणाऱ्या मयूर कवीची आठवण व्हावी.) युरिपिडीस या अथेन्सच्या नाटककाराने इ. स. पू. 412 मध्ये याच कल्पनेवर नाटक रचले : ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याबरोबर गेली ती देवांनी हवेतून घडवलेली प्रतिमा, खरी हेलेन सारा काळ इजिप्तमध्ये होती. आणि आपल्याकडे कूर्मपुराण, अध्यात्मरामायण आणि तुलसीदासांपर्यंत हीच युक्ती येते : रावणाने नेली ती छायासीता, खरी सीता अग्नीपाशी सुरक्षित. उसनवारी? युरिपिडीस आणि अध्यात्मरामायण यांच्यात हजार-दीड हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि मधल्या दुव्याचा पत्ता नाही. मला कारण भक्तीच्या अडचणीत दिसते. स्पार्टाजवळ थेरापनीला हेलेनचे देवस्थान होते. सीता जगन्माता झालेली होती. जिची पूजा करायची, तिला परपुरुषाने हात लावला हे भक्ताला सोसत नाही, आणि पदरी पडलेली कथा तर टाकता येत नाही. मग उरते ती प्रतिमा.

पण एकच युक्ती दोन ठिकाणी किती वेगळे काम करते, हे पाहण्यासारखे आहे. युरिपिडीसच्या नाटकात प्रतिमेचे रहस्य योद्ध्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. दहा वर्षांचे युद्ध, जळालेले नगर आणि हजारो मृत्यू हे सारे एका ढगासाठी झाले, हे हेलेनचा नवरा मेनेलाउस याच्या म्हाताऱ्या सेवकाला शेवटी कळते. आदल्याच वर्षी सिसिलीच्या मोहिमेत आपले सैन्य आणि आरमार गमावून बसलेल्या अथेन्सच्या प्रेक्षकांना तो घाव कुठे बसला असेल, हे सांगायला नको. अध्यात्मरामायणात मात्र रामाला सर्व आधीच माहीत असते. छाया ठेवण्याची आज्ञा तोच देतो, म्हणून युद्ध फोल न ठरता लीला ठरते, आणि अग्निपरीक्षा म्हणजे छाया जाऊन मूळ सीता परत येण्याचा क्षण होतो. एकाच कल्पनेने एका ठिकाणी युद्धातला अर्थ काढून घेतला, दुसरीकडे भरला.

इथे माझ्यावर कोणी जोरदार आक्षेप घेऊ शकेल, आणि तो मला स्वतःलाच सुचलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विवस्वताची पत्नी सरण्यू निघून जाते आणि तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दुसरी ठेवलेली असते. ही सरण्यू अश्विनांची आई. आणि हेलेन ही त्यांच्या ग्रीक प्रतिरूपांची बहीण. तेव्हा स्त्रीच्या जागी प्रतिमा ठेवण्याची कल्पना दोन्हीकडे एका पुरातन कथेतूनच उतरली नसेल कशावरून? नसेलच, असे मी म्हणू शकत नाही. पण यातून तक्तेवाल्यांचे काही साधत नाही. वारसा म्हटला तरी तो या कल्पनेपुरता; सीतेसाठी ती शतकानुशतकांनी पुन्हा का बाहेर काढावी लागली, याचे उत्तर त्या काळच्या भक्तीतच शोधावे लागेल.

राहिली तिसरी छावणी, सगळ्या कथा मुळात एकच म्हणणारी. ती सर्वांत सौम्य दिसते आणि सर्वांत जास्त नासधूस करते, कारण ती फरकच पुसून टाकते. ऑर्फियस आणि सावित्री दोघेही मृत जोडीदाराला परत आणायला निघतात, म्हणून दोघांची कथा 'मृत्यूवर प्रेमाचा विजय' या शीर्षकाखाली टाकली की काय हाती लागते? ऑर्फियस तर हरतो. त्याच्या गाण्याने पाताळाचा राजा विरघळतो, पण अट घालतो, आणि मागे वळून पाहिल्याबरोबर त्याची बायको युरिडिसी जाते. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये तर एक वक्ता त्याला भित्रा ठरवतो : प्रेमासाठी मरण्याची तयारी नसल्याने देवांनी त्याला बायकोची नुसती प्रतिमाच दाखवली. सावित्री गात नाही, रडतही नाही. ती यमाच्या मागे चालत धर्माची चर्चा करते आणि प्रसन्न झालेल्या यमाकडून एकेक वर घेते. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असे यम प्रत्येक वेळी बजावतो. सासऱ्याचे डोळे, त्याचे राज्य, वडिलांना शंभर पुत्र, आणि मग सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र. हा चौथा वर देताना यम आपण काय दिले हे पाहत नाही, आणि पाचव्या वेळी 'प्राण सोडून' म्हणायला विसरतो. ऑर्फियसला अट घातली जाते. सावित्री अट घालणाऱ्याला त्याच्याच वचनात अडकवते.